व्हिडिओ गेम परीक्षणांची विश्वासार्हता : परीक्षक, जाहिरातदार आणि गुणांक

सारांश

व्हिडिओ गेमची परीक्षणे 'विकली जातात' असा आरोप खेळाडूंकडून वारंवार केला जातो. प्रस्तुत लेखात २००७ ते २०२० या काळातील काही नोंदलेल्या घटनांच्या आधारे या आरोपाची तपासणी केली आहे. परीक्षकाचा व्यक्तिगत अप्रामाणिकपणा हे अविश्वासाचे प्रमुख कारण नाही. परीक्षण ज्या परिस्थितीत लिहिले जाते, त्या परिस्थितीतच अविश्वासाची मुळे आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, परीक्षण, विश्वासार्हता, गुणांक, जाहिरात, मेटाक्रिटिक

प्रास्ताविक

परीक्षण, समीक्षा, रसग्रहण आणि अभिप्राय हे चार शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांच्यामागील भूमिका एक नाही. परीक्षण म्हणजे नव्याने प्रसिद्ध झालेल्या कृतीचे तत्काळ केलेले मूल्यमापन होय. समीक्षेला अशी घाई नसते. रसग्रहणात कृतीच्या आस्वादावर भर असतो, तर अभिप्राय देण्यास कोणत्याही अधिकाराची अट नसते. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात या चारही भूमिका पुष्कळदा एकाच मजकुरात एकवटलेल्या दिसतात. त्यांच्या जोडीला जाहिरात ही पाचवी भूमिकाही असते आणि ती कोठे संपते व परीक्षण कोठे सुरू होते, हे वाचकाला नेहमी कळतेच असे नाही.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या आस्थेच्या कक्षेबाहेरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आपल्या वर्गांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी कादंबरीच्या परीक्षणापेक्षा गेमची परीक्षणे अधिक वाचलेली वा पाहिलेली असतात. एखाद्या कृतीविषयी मत कसे बनवावे, कोणाच्या मतावर विसंबावे आणि किती विसंबावे, याचे पहिले धडे त्यांना तेथे मिळतात. शिवाय यात पैशाचाही प्रश्न आहे. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारताच्या बाजारात आणताना त्याच्या काही प्रमुख खेळांची किंमत ४,९९९ रुपये ठेवण्यात आली होती. विद्यार्थिदशेतील खरेदीदाराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. ती खर्च करण्यापूर्वी तो ज्याचे शब्द प्रमाण मानतो, त्या परीक्षकाच्या विश्वासार्हतेची चर्चा म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

परावलंबित्वाची परंपरा

गेम परीक्षणाचा इतिहास आरंभापासूनच उद्योगाशी जोडलेला आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेले 'निन्टेंडो पॉवर' हे मासिक निन्टेंडो कंपनीच प्रसिद्ध करीत असे. खेळ विकणारा आणि त्या खेळांविषयी लिहिणारा एकच होता. मात्र हे नाते मासिकाच्या नावातच उघड होते. जपानमध्ये १९८६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'फॅमित्सू'ने चार परीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण देऊन ४० पैकी बेरीज मांडण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीत पूर्ण ४० गुण मिळविणारा पहिला खेळ १९९८ सालचा 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' हा होय. चार स्वतंत्र मते शेजारी शेजारी छापण्यामागे निःपक्षपातीपणाचा आग्रह होता, हे मान्य करावे लागेल.

परंतु पुस्तकाच्या परीक्षकाची आणि गेमच्या परीक्षकाची स्थिती मुळातच वेगळी आहे. पुस्तकाची प्रत बाजारात सहज विकत मिळते. ते आठवड्याने वाचून लिहिले तरी फारसे बिघडत नाही. गेमचे परीक्षण मात्र प्रकाशनाच्या दिवशी वा त्याआधी वाचकाच्या हाती पडले नाही, तर त्याचे व्यावहारिक मूल्य झपाट्याने घटते. त्यासाठी आगाऊ प्रत लागते आणि ती केवळ प्रकाशकच देऊ शकतो. दुसरीकडे, ज्या नियतकालिकात परीक्षण छापले जाते त्याचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींतून येते आणि जाहिरातदारही बहुधा तोच प्रकाशक असतो. साहित्य आणि उत्पन्न या दोन्ही गोष्टींसाठी परीक्षक ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याच्याच कृतीचा त्याने निवाडा करावयाचा असतो. विश्वासार्हतेच्या प्रश्नाचे मूळ या रचनेत आहे.

जाहिरातदार आणि संपादकीय स्वातंत्र्य

या रचनेचा ताण जगासमोर आणणारी घटना म्हणून गेमस्पॉट प्रकरणाचा उल्लेख करावा लागतो. नोव्हेंबर २००७ मध्ये जेफ गर्स्टमन या ज्येष्ठ परीक्षकाने आयडॉस कंपनीने प्रकाशित केलेल्या 'केन अँड लिंच : डेड मेन' या खेळाला १० पैकी ६ गुण दिले. त्याच वेळी गेमस्पॉटवर या खेळाची मोठी जाहिरात झळकत होती. त्यानंतर अल्पावधीतच गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यात आले. जाहिरातदाराच्या दबावामुळे हे घडल्याचा संस्थेने तेव्हा इन्कार केला. मात्र पुढील काळात काही सहकाऱ्यांनीही संस्था सोडली. मार्च २०१२ मध्ये गर्स्टमन यांना या विषयावर मोकळेपणाने बोलणे शक्य झाले, तेव्हा जाहिरातदारांच्या नाराजीपुढे व्यवस्थापन डगमगले, असे त्यांनी स्पष्ट केले.

या प्रकरणाचा एक अर्थ 'परीक्षणे विकली जातात' असा लावला गेला. प्रस्तुत लेखात तो स्वीकारलेला नाही. ज्याने ६ गुण दिले त्या परीक्षकाने आपले मत विकले नव्हते. न विकण्याची किंमत त्याने मोजली. डळमळीत ठरली ती परीक्षक आणि जाहिरात विभाग यांच्यामधील भिंत. ती सांभाळणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य होते. परंतु या घटनेचा खरा परिणाम त्या एका परीक्षणापुरता मर्यादित राहत नाही. पुढच्या वेळी ६ ऐवजी ७ गुण द्यावेत काय, असा विचार दुसऱ्या एखाद्या परीक्षकाच्या मनात डोकावला, तर त्याचा कोणताही पुरावा मागे राहणार नाही. लाच सिद्ध करता येते, धास्ती सिद्ध करता येत नाही. म्हणून संशय कायमचा घर करून राहतो आणि त्याची झळ प्रामाणिक परीक्षकालाही लागते.

प्रकाशकाच्या हाती असलेले दुसरे साधन म्हणजे प्रवेश नाकारणे. अप्रकाशित खेळांविषयीच्या बातम्या फोडल्यामुळे बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या कंपन्यांनी आपल्याशी संपर्क तोडल्याचे 'कोटाकू'ने नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेथेस्डाने परीक्षणाच्या प्रती प्रकाशनाच्या केवळ एक दिवस आधी देण्याचे धोरण घोषित केले. पन्नास-साठ तास चालणारा खेळ एका दिवसात कसा तपासायचा, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. प्रकाशकाने प्रत द्यावी असे कोणतेही कायदेशीर बंधन नाही, हे खरेच. तथापि परीक्षकाला वेळ न देणे म्हणजे पर्यायाने ग्राहकाला माहिती न देणेच होय.

'सायबरपंक २०७७' : प्रामाणिक तरीही अपुरे परीक्षण

परीक्षक प्रामाणिक असूनही परीक्षण दिशाभूल करणारे ठरू शकते, याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणून 'सायबरपंक २०७७' कडे पाहता येईल. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी प्रकाशित झाला. त्यापूर्वीच त्याच्या ८० लाख प्रतींची आगाऊ खरेदी झाली होती. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना केवळ संगणकावर चालणारी आवृत्ती देण्यात आली. प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवरील आवृत्ती त्यांना पाहावयास मिळाली नाही. परीक्षणाच्या चित्रफितीत स्वतः टिपलेली दृश्ये वापरण्यास आरंभी मनाई होती. कंपनीने पुरविलेलीच दृश्ये वापरावयाची होती. ठरलेल्या वेळेपूर्वी मत प्रसिद्ध न करण्याची अट, जिला या व्यवसायात 'एम्बार्गो' म्हणतात, ती ७ डिसेंबरला संपली आणि संगणक आवृत्तीची सरासरी १०० पैकी ९० च्या घरात गेली.

प्रत्यक्षात जुन्या यंत्रांवर हा खेळ अनेक ठिकाणी खेळण्यायोग्य नव्हता. जेमतेम आठवड्याभरात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरमधून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा उपलब्ध झाला. दरम्यान, जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जाहीर क्षमायाचना केली होती.

या प्रकरणी परीक्षकांनी खोटे लिहिले असे म्हणता येत नाही. जे त्यांना दाखविले गेले, त्याविषयी त्यांनी बहुतांशी खरेच लिहिले आणि त्रुटींचा उल्लेखही अनेकांनी केला. तरीही त्यांचे दायित्व संपत नाही. आपण काय पाहिले हे सांगण्याइतकेच आपल्याला काय पाहू दिले गेले नाही, हे ठळकपणे सांगणे महत्त्वाचे होते. काही परीक्षणांत तो उल्लेख होता. परंतु जो अंक वाचकाच्या लक्षात राहिला, त्या अंकात तो उतरला नाही.

गुणांकाचे राज्य

येथे गुणांकपद्धतीचा विचार क्रमप्राप्त ठरतो. २००१ मध्ये सुरू झालेल्या मेटाक्रिटिकने निरनिराळ्या परीक्षणांतील गुण १०० च्या मापात आणून त्यांची भारित सरासरी काढण्याची पद्धत लोकप्रिय केली. कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला जातो हे मात्र जाहीर केले जात नाही. या मापातील एक विसंगती उद्बोधक आहे. चित्रपटाला ६१ गुण मिळाले की ते 'अनुकूल' मानून हिरव्या रंगात दाखविले जातात. खेळाला मात्र त्यासाठी ७५ गुण लागतात. म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट चांगला आणि ६५ गुणांचा खेळ सामान्य! गेम परीक्षणात ५० हा मध्य उरलेला नाही, तो वर सरकला आहे, याची ही एक प्रकारची अधिकृत कबुलीच होय. गर्स्टमन यांचे ६ गुण जाहिरातदाराला अपमानास्पद का वाटू शकतात, याचेही उत्तर यातच दडले आहे.

हा अंक वाचकापुरता राहिला असता तर हानी मर्यादित राहिली असती. परंतु २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या 'फॉलआउट : न्यू वेगास' या खेळाच्या संदर्भात, मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच निर्मात्या ऑब्सिडियन कंपनीला अतिरिक्त मोबदला मिळणार होता, असे तिचे सहसंस्थापक ख्रिस अॅव्हेलोन यांनी मार्च २०१२ मध्ये उघड केले. खेळाला ८४ गुण मिळाले. एका गुणाने अनेकांच्या श्रमाचा मोबदला हुकला. परीक्षक वाचकासाठी लिहीत होते. पण त्यांच्या नकळत ते कामगारांच्या वेतनाचे परीक्षकही झाले होते. ज्या परीक्षकाला हे ठाऊक आहे, त्याने कठोर व्हावे की सौम्य? कोणताही निर्णय घेतला तरी त्याचे मत आता पूर्वीइतके मोकळे राहत नाही.

अंकाच्या या सत्तेपासून सुटका करून घेण्याचा प्रयत्नही झाला. 'युरोगेमर'ने फेब्रुवारी २०१५ मध्ये गुण देणे बंद केले. परंतु २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने त्याला गुणांकनाकडे परतावे लागले. वाचकाला निवाडा थोडक्यात हवा असतो, या वास्तवाकडे पाठ फिरविता येत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

अध्यापकांनी या ठिकाणी थोडे अंतर्मुख व्हावयास हरकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी आपल्या शैक्षणिक कार्याचे रूपांतर एपीआय गुणांमध्ये केले, तेव्हा लेख काय म्हणतो यापेक्षा त्याचे किती गुण होतात, हा प्रश्न आपल्याही तोंडी सहज येऊ लागला. मूल्यमापनासाठी निर्माण केलेले माप स्वतःच साध्य होऊन बसले की मूल्यमापन दुबळे होते. हा अनुभव केवळ खेळांच्या जगातला नाही.

नवे परीक्षक, जुने प्रश्न

छापील मासिकांची जागा यूट्यूबवरील खेळाडूंनी घेतल्यावर परीक्षण मुक्त झाले, असा एक समज आहे. 'हा आपल्यासारखाच सामान्य खेळाडू आहे, त्याला कोणी विकत घेणार नाही' अशी त्यामागची भावना असते. २०१४ मधील 'मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डोर' या खेळाच्या प्रसिद्धीने ती फोल ठरविली. वॉर्नर ब्रदर्सने प्यूडीपाय यांच्यासह अनेक लोकप्रिय यूट्यूबकारांना मोबदला देऊन अनुकूल चित्रफिती तयार करवून घेतल्या. खेळातील दोष दाखवू नयेत अशी अट त्यात होती. आणि मोबदल्याचा उल्लेख चित्रफितीत करण्याऐवजी खालच्या वर्णनात, सहसा कोणी उघडून पाहत नाही अशा जागी, करण्यास सांगितले गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर कारवाई केली आणि जुलै २०१६ मध्ये कंपनीने तडजोड मान्य केली. या चित्रफिती ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या होत्या.

व्यावसायिक परीक्षकही निर्दोष नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये 'डेड सेल्स' या खेळाचे आयजीएनवरील परीक्षण एका लहान यूट्यूब वाहिनीच्या परीक्षणावरून उचलल्याचे उघडकीस आले. आयजीएनने ते परीक्षण मागे घेतले आणि संबंधित संपादकाला काढून टाकले. हा दोष गंभीर होता. परंतु चूक उघड होताच ती जाहीरपणे मान्य करणारी व्यवस्था तेथे होती, हेही नमूद केले पाहिजे.

सामान्य ग्राहकांचे अभिप्राय हा पर्यायही संपूर्णतः निर्धोक नाही. १९ जून २०२० रोजी 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' प्रकाशित होताच मेटाक्रिटिकवर हजारोंनी शून्य गुण देण्यास आरंभ केला. इतका दीर्घ खेळ काही तासांत पूर्ण करणे त्यांपैकी बहुतेकांना शक्यच नव्हते. पुढील महिन्यात मेटाक्रिटिकने ग्राहकांच्या अभिप्रायासाठी ३६ तासांची प्रतीक्षा सक्तीची केली.

विश्वासार्हतेच्या मागणीचाही गैरवापर होऊ शकतो, याचे भान याच संदर्भात ठेवावे लागते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'गेमरगेट' मोहिमेने गेम पत्रकारितेतील नीतिमत्तेची घोषणा दिली. तिचा आरंभ एका महिला निर्मातीवरील आरोपाने झाला : एका पत्रकाराशी असलेल्या संबंधांमुळे तिच्या खेळाला अनुकूल परीक्षण मिळाले, असे सांगण्यात आले. त्या पत्रकाराने तिच्या खेळाचे परीक्षण लिहिलेलेच नव्हते. तरीही अनेक स्त्रियांना धमक्या आणि छळ सोसावा लागला. घोषणा परीक्षकाच्या सचोटीची होती. लक्ष्य मात्र वेगळेच होते. ज्याला परीक्षण केवळ आपल्या मताची पुष्टी म्हणून हवे असते, त्याला प्रत्येक विरोधी मत विकाऊच वाटते.

विश्वासार्हता म्हणजे वस्तुनिष्ठता नव्हे

वरील वादांमध्ये 'वस्तुनिष्ठ परीक्षण हवे' ही मागणी सातत्याने आढळते. तिच्यात वैचारिक गोंधळ आहे. खेळ कोणत्या यंत्रावर चालतो, किती वेळा बंद पडतो, पुढे आणखी पैसे मागतो का, या गोष्टी वस्तुनिष्ठपणे सांगता येतात आणि सांगितल्याच पाहिजेत. परंतु कथेचा परिणाम, खेळातील आव्हानाचा आनंद, कलेचा दर्जा यांविषयीचे मत आस्वादकाच्या संस्कारांवर अवलंबून राहणारच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये प्रकाशित केलेल्या 'राजी : अॅन एन्शंट एपिक' या खेळात पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्यांचे निवेदन आणि दुर्गा-विष्णूंच्या कथा यांचा वापर आहे. या संकेतांचा परिचय असलेला परीक्षक आणि केवळ लढाईची यंत्रणा तपासणारा परीक्षक हे दोघेही प्रामाणिक असू शकतात. पण त्यांचे निकाल सारखे येणार नाहीत. आपल्या काव्यशास्त्राने 'सहृदय' ही संकल्पना मांडली ती याच जाणिवेतून. पक्षपात म्हणजे आवडनिवड असणे नव्हे. वाचकाला न सांगितलेल्या कारणासाठी मत बदलणे म्हणजे पक्षपात.

या दृष्टीने पाहता, ज्याच्याशी आपण नेहमी असहमत असतो असा परीक्षकही पूर्ण विश्वासार्ह असू शकतो. त्याची आवड आपल्याला ठाऊक असते, तो कारणे देतो आणि त्याच्या नापसंतीवरूनही आपल्याला आपला निर्णय घेता येतो. उलट आपल्याला पटणारेच सदैव बोलणारा परीक्षक उपयोगाचा नसतो.

आणखी एक अडचण या माध्यमाच्या स्वरूपातून येते. पुस्तक छापल्यावर बदलत नाही, खेळ बदलतो. जून २०१९ मध्ये आलेल्या 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड' या खेळात परीक्षणे प्रसिद्ध झाल्यावर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, खऱ्या पैशांनी करावयाच्या खरेदीची सोय आणण्यात आली. जूनमधील परीक्षण खोटे नव्हते. पण ऑगस्टमधील ग्राहकासाठी ते खरेही राहिले नाही. म्हणून गेमच्या परीक्षणावर तारीख, यंत्र आणि आवृत्ती यांची नोंद असणे ही औपचारिकता मानता येत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. त्यांनुसार शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. तत्पूर्वी २०२१ मध्ये मुंबईस्थित अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी नियम घोषित केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक आले, आरंभी ते ऐच्छिक होते. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र कायदा पैशाचा व्यवहार उघड करू शकतो. पुढची प्रत मिळणार नाही ही भीती उघड करू शकत नाही.

निष्कर्ष

१. गेम परीक्षणांवरील अविश्वास निराधार नाही. परंतु 'सर्व परीक्षक विकले गेले आहेत' हे त्याचे स्पष्टीकरण पुराव्यांशी जुळत नाही.

२. आगाऊ प्रत, जाहिरात आणि अपुरा वेळ या तीन गोष्टींवरील प्रकाशकाचे नियंत्रण हा विश्वासार्हतेला असलेला मुख्य धोका आहे.

३. गुणांक सोयीचा असला तरी परीक्षणातील अटी, शंका आणि मर्यादा त्यात गळून पडतात. गुणांकाला मोबदल्याशी जोडल्यास हानी वाढते.

४. परीक्षकाने प्रत कोठून मिळाली, किती वेळ खेळला, कोणत्या यंत्रावर खेळला आणि काय पाहू दिले गेले नाही, या चार गोष्टी परीक्षणाच्या आरंभीच सांगाव्यात.

५. वाचकाने एका अंकापेक्षा एका परीक्षकाचे दीर्घकाळचे लेखन पाहावे आणि आगाऊ खरेदीचा मोह आवरावा. घाईचा ग्राहक हाच दिशाभूल करणाऱ्या प्रसिद्धीचा सर्वात मोठा आधार असतो.

शेवटी, विश्वास ही परीक्षकाने एकदा मिळवून ठेवावयाची ठेव नव्हे. प्रत्येक परीक्षणागणिक ती खर्ची पडते आणि प्रत्येक परीक्षणागणिक नव्याने भरावी लागते. २००७ मध्ये दिलेल्या ६ गुणांनी एका परीक्षकाची नोकरी गेली. परंतु त्यानंतर त्याने सहकाऱ्यांसह सुरू केलेल्या 'जायंट बॉम्ब'कडे वाचक वळले, ते त्याच ६ गुणांमुळे मिळालेल्या विश्वासाच्या बळावर. आपल्या विद्यार्थ्यांना 'कोणते परीक्षण वाचावे' हे सांगणे आपल्याला कदाचित जमणार नाही. परीक्षण कसे वाचावे, हे शिकविणे मात्र आपल्याच कामाचा भाग आहे.